जुना आणा, नवा पैसा : संगणकाच्या अपूर्णांकगणितात प्रवेश करताना

प्रोग्रामिंग शिकायला लागून आठ-पंधरा दिवस झालेले असतात. विद्यार्थी पायथन किंवा जावास्क्रिप्ट उघडतो, सहज म्हणून ०.१ + ०.२ लिहितो आणि एंटर दाबतो. समोर येते ०.३०००००००००००००००४. तो पुन्हा टाइप करतो, उत्तर तेच. मग शून्यापासून सुरुवात करून ०.१ दहा वेळा मिळवून पाहतो, तर १ ऐवजी ०.९९९९९९९९९९९९९९९९ हाती लागते.

इथून पुढे विद्यार्थ्यांच्या तीन वाटा होतात, हे मी शिकवताना अनेकदा पाहिले आहे. एकाला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. दुसऱ्याला वाटते, भाषाच सदोष आहे. तिसरा उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत छापून घेतो, पडद्यावर ०.३० दिसले की निश्चिंत होतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पहिल्या दोघांची मला काळजी वाटत नाही. ते विचारत राहतात आणि कधी ना कधी उत्तरापर्यंत पोचतात. काळजी वाटते ती तिसऱ्याची. त्याने प्रश्न सोडवलेला नसतो, झाकलेला असतो, आणि झाकलेला प्रश्न पुढे दहा हजार ओळींच्या प्रोग्रामात कुठून डोके वर काढेल ते सांगता येत नाही.

ही प्रस्तावना तिघांसाठीही आहे. संगणकाच्या अपूर्णांकांत दिसणारी ही तफावत लहरी नाही. ती कुठे जन्मते, जन्मतः किती मोठी असते आणि कोणत्या वाटेने वाढते, हे कागद-पेन्सिल घेऊन आधीच सांगता येते. या विषयाला राउंडिंग एररचा अभ्यास म्हणतात. त्याला लागणारे गणित शाळेतलेच आहे. धीर मात्र शाळेपेक्षा थोडा जास्त लागतो.

आधी एक गैरसमज दूर करू. वरच्या उदाहरणात बेरजेला दोष देण्यापूर्वी तिच्या हाती काय दिले ते पाहायला हवे. तुम्ही ०.१ लिहिलेत तेव्हा संगणकाने ०.१ साठवलेच नाही. त्याने साठवलेली संख्या ही आहे:

०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५

पंचावन्न दशांश स्थळांची ही संख्या अंदाजे नाही. संगणकाकडे आहे ती तंतोतंत एवढीच. एक दशांशापेक्षा ती किंचित मोठी आहे. मग त्याने सरळ एक दशांश का ठेवला नाही?

याचे उत्तर मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया आठवा, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. रुपयाच्या निम्मी अधेली, तिच्या निम्मी पावली, तिच्या निम्मी चवली, चवलीचा निम्मा आणा. वजनांचेही तेच: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. निम्मे, पुन्हा निम्मे, पुन्हा त्याचे निम्मे. मुले पाढ्यांबरोबर जी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी घोकत, त्या सगळ्यांचे छेद दोन नाहीतर चार. संगणकाची द्विमान पद्धती हेच करते. बिंदूनंतरचे तिचे पहिले घर अर्ध्याचे, दुसरे पावाचे, तिसरे अष्टमांशाचे, चौथे आण्याचे. म्हणून एक आणा, म्हणजे ०.०६२५ रुपये, संगणक सोळा आणे अचूक साठवतो. जुना पैसा हा रुपयाचा चौसष्टावा भाग, तोही अचूक. पै मात्र जमत नाही, कारण पैशाच्या तीन पै होत आणि निम्मे-निम्मे करत कितीही खाली गेलो तरी तिसरा हिस्सा कधी नेमका सापडत नाही.

मग दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर भाग झाले. माणसाचा हिशेब सोपा झाला. पण एक पैशापासून नव्याण्णव पैशांपर्यंतच्या रकमा रुपयांत लिहून संगणकाला दिल्या, तर त्या नव्याण्णवांपैकी फक्त तीन तो अचूक ठेवू शकतो: २५ पैसे, ५० पैसे आणि ७५ पैसे. म्हणजेच चार आणे, आठ आणे आणि बारा आणे! उरलेल्या शहाण्णव रकमांच्या जागी त्याच्याकडे जवळची दुसरी एखादी संख्या असते. आपल्याला गोल वाटणारी संख्या यंत्राला गोल वाटेलच असे नाही. गोलपणा संख्येत नसतो, ती लिहिण्याच्या पद्धतीत असतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर या विषयाचा निम्मा डोंगर चढून झाला असे समजा.

शाळेत आपण खंडित आणि अखंड आवर्ती दशांश अपूर्णांक शिकलो. छेदाच्या मूळ अवयवांत दोन आणि पाच यांखेरीज काही नसेल तरच दशांश रूप संपते. नाहीतर एक तृतीयांशासारखे ०.३३३… करत अनंतापर्यंत जाते. द्विमान पद्धतीत नियम आणखी कडक आहे: छेदात केवळ दोन हाच मूळ अवयव हवा. एक दशांशाच्या छेदात पाच शिरलेला आहे, त्यामुळे तिथे तो कधीच संपणार नाही. हाताने करून पाहा. ०.१ ची दुप्पट ०.२, पूर्णांक शून्य, तो लिहून ठेवा. पुन्हा दुप्पट ०.४, शून्य. ०.८, शून्य. १.६, म्हणजे एक, उरले ०.६. त्याची दुप्पट १.२; पुन्हा एक, उरले ०.२. हे ०.२ तर आपल्याला मघाशीच भेटले होते. चक्र सुरू झाले: ०.०००११००११००११… याला शेवट नाही, आणि यंत्राकडे घरे मोजकीच. कुठेतरी थांबावे लागते. थांबताना जे सुटते किंवा वर जोडले जाते, तीच या विषयाची मूळ त्रुटी.

घरे किती असतात? आज बहुतेक भाषांत अपूर्णांकासाठी ज्याला डबल म्हणतात तो ६४ बिटांचा असतो. पायथनचा फ्लोट आणि जावास्क्रिप्टची साधी संख्याही तीच. त्यातला एक बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अंकांचे; अंकांतला पहिला अंक जवळपास नेहमीच एक असल्याने तो न साठवताही गृहीत धरता येतो, म्हणून प्रत्यक्षात ५३ द्विमान अंक मिळतात. दशमानात सांगायचे तर पंधरा ते सोळा सार्थ अंक. रसायनशास्त्रात ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात असे लिहितो, तशीच ही मांडणी: थोडे अंक आणि शेजारी घातांक. घातांक बदलला की बिंदू डावीकडे-उजवीकडे सरकतो, म्हणून नाव फ्लोटिंग पॉइंट.

या मांडणीमुळे संख्यारेषेवर एक विलक्षण फूटपट्टी तयार होते. तिच्यावरच्या खुणा सगळीकडे सारख्या अंतरावर नसतात. १ आणि २ यांच्या दरम्यान सुमारे ४५ कोटी कोटी खुणा आहेत. २ आणि ४ यांच्या दरम्यानही तेवढ्याच, म्हणजे त्या दुप्पट विरळ. ४ ते ८ मध्ये पुन्हा तेवढ्याच. असे करत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येपाशी, म्हणजे दोनाच्या ५३व्या घातापाशी पोचलो की खुणांमधले अंतर दोन होते. तिथून पुढे विषम संख्या बसतच नाहीत. या संख्येत १ मिळवा, उत्तर तीच संख्या येते. पूर्णांकांनाही हा विषय लागू आहे, हे नवशिक्याच्या सहसा लक्षात येत नाही. कार्यालयात काम करणाऱ्यांनी याचे भावंड पाहिलेले असते: एक्सेल पंधराच सार्थ अंक जपते, त्यामुळे डेबिट कार्डाचा सोळा अंकी क्रमांक साध्या संख्येसारखा टाइप केला की शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. क्रमांक ही मोजायची संख्या नव्हे, ते नाव आहे. ते मजकूर म्हणूनच साठवावे.

आता ०.१ + ०.२ कडे परत जाऊ, कारण त्यात एक सुंदर तपशील दडला आहे. ०.३ च्या अगदी जवळ फूटपट्टीवर दोन खुणा आहेत, एक किंचित खाली आणि एक थोडी अधिक अंतरावर वर. तुम्ही नुसते ०.३ लिहिता तेव्हा जवळची, म्हणजे खालची खूण निवडली जाते. पण साठवलेले ०.१ आणि साठवलेले ०.२ हे दोन्ही किंचित मोठे. त्यांची खरी बेरीज या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर पडते. अगदी मध्यावर, केसभरही इकडेतिकडे नाही. अशा वेळी काय करायचे याचा नियम ठरलेला आहे: जिचा शेवटचा बिट शून्य आहे ती खूण घ्यायची. ती वरची निघते. म्हणून बेरीज वर गेली, लिहिलेले ०.३ खाली राहिले, आणि दोघांची तुलना केली की यंत्र म्हणते, या समान नाहीत. ते खरेच सांगते आहे. प्रत्येक पायरीवर नियम पाळला गेला.

हा नियम आपोआप आलेला नाही, तो भांडून मिळवलेला आहे. अपूर्णांकांचे असे यांत्रिक गणित जर्मनीत कोनराड त्सूझे यांच्या झेड-३ या यंत्रावर १९४१ सालीच होत होते. पण पुढच्या तीन-चार दशकांत प्रत्येक कंपनीने आपापली रीत चालवली. आयबीएमच्या सिस्टिम-३६० मालिकेत पाया दोनाऐवजी सोळा होता. कुठे शेवटचा अंक गोल केला जाई, कुठे नुसता छाटला जाई. एका यंत्रावर तपासलेला प्रोग्राम दुसऱ्यावर वेगळे उत्तर देई, आणि चूक कोणाची हे ठरवायला निकषच नव्हता. मूळचे टोरांटोचे आणि बर्कलीत शिकवणारे विल्यम काहान यांनी इंटेलच्या ८०८७ या गणिती चिपसाठी नीट विचार केलेले अंकगणित आखून दिले. ही चिप १९८० मध्ये बाजारात आली. त्याच विचारातून, बऱ्याच वादविवादांनंतर, १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक मंजूर झाले. काहान यांना १९८९ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

या मानकाने दिलेले मुख्य वचन एका वाक्यात मावते: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचे उत्तर असे असेल, जणू अनंत अंकांपर्यंत अचूक काढून मग एकदाच जवळच्या खुणेवर नेले. एका क्रियेत होणारी त्रुटी त्यामुळे दोन खुणांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कधीच मोठी नसते. तुमच्या हातातल्या फोनपासून हवामान खात्याच्या महासंगणकापर्यंत सगळीकडे आज याच कराराच्या आधाराने हिशेब चालतो. इतकी मोठी तांत्रिक सहमती जगात फार थोड्या बाबतींत झाली असेल, असे माझे मत आहे.

मी आतापर्यंत ‘त्रुटी’ म्हणत आलो, ‘चूक’ म्हटले नाही, ते जाणूनबुजून. चूक टाळता येते. त्रुटी मोजता येते आणि आटोक्यात ठेवता येते. ती शून्य करता येत नाही. हा भेद आपल्याकडे जुना आहे. आर्यभटाने परीघ आणि व्यास यांचे ६२८३२ : २०००० हे गुणोत्तर दिले तेव्हा त्याला ‘आसन्न’ म्हटले, म्हणजे जवळ जाणारे. भास्कराचार्यांनी लीलावतीत ३९२७ भागिले १२५० याला सूक्ष्म म्हटले आणि २२ भागिले ७ याला स्थूल. पण तेवढ्यावर न थांबता स्थूल मान व्यवहाराला योग्य आहे, असेही सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. कोणते मान कोणत्या कामाला पुरे, हा लीलावतीतला प्रश्न आजच्या प्रोग्रामरपुढेही त्याच शब्दांत उभा राहतो.

पुरे कधी पडत नाही, याची दोन उदाहरणे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक १००० अंकांवर सुरू केला. बाजार बरा चालला होता, तरी निर्देशांक महिन्यामागून महिने खाली येत गेला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर पोचला. कारण असे निघाले की प्रत्येक व्यवहारानंतर निर्देशांक नव्याने काढून तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक गोल न करता छाटले जात होते. तोंडी हिशेब करून पाहा. छाटल्यामुळे दर वेळी सरासरी अर्धा सहस्रांश जातो. दिवसाला असे जवळपास तीन हजार वेळा. म्हणजे रोज दीड अंक, महिन्याच्या वीस कामकाजाच्या दिवसांत तीस, बावीस महिन्यांत साडेसहाशेच्या आसपास. दुरुस्त केलेला आकडा १०९८.८९२ निघाला, फरक ५७४ अंकांचा. ढोबळ हिशेबाची आणि घटनेची गाठ बऱ्यापैकी बसते. इथे शिकण्यासारखी गोष्ट अशी की गोल केले असते तर काही त्रुटी वर, काही खाली जाऊन पुष्कळशा एकमेकींना खाऊन गेल्या असत्या. छाटल्यावर सगळ्या एकाच दिशेला जातात, आणि एका दिशेने जाणारी लहान त्रुटी मोठ्या पण दोन्हीकडे डोलणाऱ्या त्रुटीपेक्षा घातक असते.

दुसरे उदाहरण सांगताना आवाज जड होतो. २५ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ जण मरण पावले. तिथे बसवलेली पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा त्याचा माग ठेवू शकली नाही. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे आणि सेकंद मिळवण्यासाठी त्या मोजणीला ०.१ ने गुणत असे. २४ बिटांत छाटलेला तो ०.१ होता. दर दशांशामागे तूट सेकंदाच्या सुमारे ०.०००००००९५ भागाएवढी. यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. म्हणजे ३६ लाख दशांश. गुणाकार करा: सुमारे ०.३४ सेकंद. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. दुरुस्त केलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, धाहरानला पोचला. काटेकोर बोलायचे तर हे फ्लोटिंग पॉइंट नव्हते, ठरलेल्या जागी बिंदू असलेले गणित होते. पण मूळ तेच: द्विमानात न संपणारा तुमचा-आमचा ०.१.

साचत जाणारी त्रुटी निदान संथ असते. एक प्रकार मात्र एकाच वजाबाकीत सगळे धुऊन नेतो, आणि त्याची ओळख दहावीच्या वर्गसमीकरणातूनच होते. x² − १०००००००० x + १ = ० घ्या. याचे एक मूळ दहा कोटींच्या जवळ, दुसरे ०.०००००००१ च्या जवळ. ओळखीचे सूत्र डबलमध्ये वापरा. मोठे मूळ उत्तम येते. लहान मूळ येते सुमारे ०.००००००००७४५, म्हणजे पाव हिस्सा कमी! काय झाले? वर्गमूळ जवळपास दहा कोटी आले. त्याच्या शेवटच्या अंकात अपरिहार्य अशी बारीक त्रुटी होती. मग दहा कोटींतून ते वजा केले. सारखे अंक एकमेकांना छेदून गेले आणि मागे उरला तो शेवटचा अंकच, त्याच्या त्रुटीसह. वजाबाकीने नवी त्रुटी काहीच केली नाही. तिने आधीची उघडी पाडली. उपायही शाळेतलाच आहे. दोन मुळांचा गुणाकार इथे १ आहे. मोठे मूळ आधी काढा आणि १ ला त्याने भागा. वजाबाकीच नाही, त्यामुळे उत्तर चोख. गणिताने समान असलेली दोन सूत्रे यंत्रावर समान नसतात, हे ज्या दिवशी स्वतःच्या हाताने अनुभवाल त्या दिवशी तुम्ही या विषयात खरे पाऊल टाकलेत.

अशीच गोष्ट बेरजेच्या क्रमाची. १ वर सोळा शून्ये असलेली संख्या घ्या, तीत १ मिळवा आणि मग ती मोठी संख्या वजा करा: उत्तर शून्य. आधी मोठ्यातून मोठी वजा करून मग १ मिळवा: उत्तर एक. लांबलचक यादीची बेरीज करताना लहान संख्या अशाच मोठ्यांत विरून जातात. काहान यांनी १९६५ मध्ये यावर युक्ती सुचवली: दर बेरजेत जे सुटले ते वेगळ्या खिशात जपायचे आणि पुढच्या बेरजेत परत आणायचे. पायथनने ३.१२ या आवृत्तीपासून आपल्या तयार बेरीज-फलनात याच जातीची पद्धत आणली आहे. त्यामुळे तिथे दहा वेळा ०.१ ची यादी देऊन बेरीज मागितली तर १ मिळतो, आणि स्वतः लूप लिहून मिळवत गेलात तर पुन्हा नऊंची रांग दिसते. दोन्ही करून पाहावे.

या सगळ्यावरून वाटेल की कोट्यवधी क्रिया करणारे मोठे हिशेब बिघडलेच पाहिजेत. १९४० च्या दशकात मोठ्या गणितज्ञांनाही ही भीती होती. मोठ्या समीकरणसंचात त्रुटी भूमितीश्रेणीने फुगेल, अशी अटकळ होती. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९४६ मध्ये १८ समीकरणे आणि १८ अज्ञाते असलेला एक संच आला. जेम्स विल्किन्सन, ॲलन ट्युरिंग आणि आणखी दोघे, अशा चौघांनी मेजावरच्या गणकयंत्रांवर सुमारे दोन आठवडे खपून तो सोडवला, आणि उत्तरे मूळ समीकरणांत घालून पाहिली तर ती अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली निघाली. हे का, याचा विल्किन्सन यांनी पुढे अनेक वर्षे ध्यास घेतला. त्यांनी प्रश्नच उलटा विचारला. ‘माझे उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर?’ याऐवजी ‘माझे उत्तर कोणत्या प्रश्नाचे अगदी अचूक उत्तर आहे, आणि तो प्रश्न मूळ प्रश्नाच्या किती जवळ आहे?’ असे विचारायचे. तो जवळचा प्रश्न मोजमापातल्या चुकीहूनही जवळ असेल, तर पद्धतीला दोष देता येत नाही. १९६३ चे त्यांचे पुस्तक या दृष्टीचा पाया आहे, आणि १९७० चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले.

विल्किन्सन यांच्या या वळणामुळे दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या: प्रश्नाचा स्वभाव आणि पद्धतीचा स्वभाव. काही प्रश्न मुळातच नाजूक असतात. एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६१ मध्ये हवामानाचे गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचे ०.५०६ भरले आणि थोड्याच वेळात सगळे हवामान निराळे झाले. तिथे कितीही बिट वाढवले तरी दूरचा अंदाज हाती येत नाही, कारण नाजूकपणा वातावरणाचाच आहे. उलट आपल्या वर्गसमीकरणाचे मूळ मुळीच नाजूक नव्हते. वाईट होती ती पद्धत. उत्तर बिघडलेले दिसले की पहिला प्रश्न हाच विचारावा: दोघांपैकी कोणाचे हे काम?

पैशांच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट सल्ला देतो. रुपये फ्लोटमध्ये ठेवू नका. पैसे पूर्णांकात ठेवा, नाहीतर भाषेतला किंवा डेटाबेसमधला दशमान प्रकार वापरा. २००८ च्या सुधारित आयईईई मानकात दशमान मांडणीलाही जागा मिळाली आहे. पण दशमान म्हणजे त्रुटीमुक्त, असे समजू नका. शंभर रुपये तिघांत वाटा, तिथेही तेच. कोणत्या नियमाने गोल करायचे हे व्यवहार ठरवतो, भाषा नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयावर न्यायची आणि पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर वर न्यायची. पायथनचे राउंड हे फलन २.५ ला २ करते, कारण ते बरोबर मध्यावरची संख्या सम बाजूला नेते. कायद्याला ३ हवेत. आणि २.६७५ दोन स्थळांपर्यंत गोल करायला सांगितले तर २.६७ येते, ते मात्र दुसऱ्याच कारणाने: साठवलेली संख्या मुळात २.६७५ पेक्षा जराशी कमी होती.

पाठ्यपुस्तकांत एक सूचना सर्रास असते: फ्लोट संख्या कधीही समान आहेत का ते तपासू नका, अमुक एका छोट्या फरकापर्यंत चालवून घ्या. ही सूचना मला अर्धवट वाटते. अर्धे, पाव, आणे आणि ५३ बिटांच्या आतले पूर्णांक यांत समानता बिनधास्त तपासता येते. आणि चालवून घेण्याचा फरक किती, हे संख्येच्या आकारावर आणि आधी काय घडले त्यावर अवलंबून आहे. कोट्यवधींच्या रकमांत दशलक्षांश भागाचा आग्रह व्यर्थ, अणूच्या त्रिज्येसाठी तोच दशलक्षांश अफाट. कुठून तरी उचललेला ०.००००१ प्रोग्रामात चिकटवणे म्हणजे तिसऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे प्रश्न झाकणेच.

आज हा विषय शिकायला फार चांगला काळ आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड गणिते वेगासाठी ६४ नव्हे, १६ बिटांच्या संख्यांवर चालवली जातात. त्यांतल्या बीफ्लोट-१६ या प्रकारात अंकांना जेमतेम आठ बिट मिळतात, म्हणजे दशमानातले दोन-तीन अंक. एवढ्या विरळ फूटपट्टीवर कामाचे उत्तर कसे निघते, कुठे निघत नाही, याचे संशोधन जोरात आहे आणि त्याला माणसे हवी आहेत. काहान आणि विल्किन्सन यांचे जुने प्रश्न तिथे नव्याने विचारले जात आहेत.

पुढच्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी माझी एकच विनंती आहे. संगणक बंद ठेवा, कागद घ्या आणि एक पंचमांश द्विमानात लिहून पाहा. दुप्पट करत जा आणि चक्र कुठे सुरू होते ते खुणेने दाखवा. मग तीन अष्टमांश, म्हणजे सहा आणे, लिहा. तो तिसऱ्या घरात संपतो.